टेस्टोस्टेरॉनचं ‘शॉर्ट’ इंजेक्शन: कोणाला लागतं, कोणाला नडतं

प्रश्न फोंड्याच्या एका 29 वर्षांच्या तरुणाचा आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, आठवड्याआड रात्रपाळी. लग्नाला आठ महिने झालेत. थकवा जात नाही, जिममध्ये पूर्वीसारखं वजन उचलवत नाही, म्हणून त्याने स्वतःच जाऊन टेस्टोस्टेरॉन तपासून घेतलं. संध्याकाळी पाच वाजता रक्त दिलं, आकडा कमी आला, 284 (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). ट्रेनरने टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट 100 मिलिग्रॅम एक दिवसाआड, असं आठ आठवडे घ्यायला सांगितलं. ‘हे शॉर्ट आहे, दोन-तीन दिवसांत शरीरातून निघून जातं, काही होत नाही,’ असं त्याचं म्हणणं. चार इंजेक्शनं घेऊन झाली आहेत. आता हा तरुण विचारतो, की हे औषध मुळात कोणासाठी असतं, त्याचे धोके काय, आणि आपण ते चालू ठेवावं का?

पाचवं घेऊ नका. आधी एवढं ऐका, मग बाकीचं सावकाश वाचा.

ट्रेनरचं अर्धं बोलणं बरोबर आहे, आणि घात त्या अर्ध्यानेच होतो. टेस्टोस्टेरॉन 1935 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झालं. लगेच अडचण लक्षात आली: ते गिळलं तर यकृत त्याची वाट लावतं आणि नुसतं टोचलं तर रक्तातून भराभर नाहीसं होतं. म्हणून त्याला एका आम्लाची शेपटी जोडून तेलात विरघळवायची युक्ती निघाली. स्नायूत टोचलेल्या तेलाच्या थेंबातून औषध हळूहळू रक्तात झिरपतं, तिथे शेपटी तुटते आणि उरतं ते निखळ टेस्टोस्टेरॉन. शेपटी जितकी लांब तितकं झिरपणं सावकाश. प्रोपिओनेटची शेपटी तीन कार्बनची, एनॅन्थेटची सातची, अनडेकॅनोएटची अकराची. प्रोपिओनेटची पातळी निम्म्यावर यायला एक दिवससुद्धा लागत नाही. एनॅन्थेटला साधारण साडेचार दिवस लागतात, तर एरंडेल तेलातल्या अनडेकॅनोएटला महिन्याच्या आसपास.

म्हणजे ‘शॉर्ट’ ही शेपटी आहे. आत गेल्यावर तिन्ही एकच. मेंदू आणि वृषण यांना हे टेस्टोस्टेरॉन कोणत्या बाटलीतून आलं ते कळत नाही, त्यांना फक्त एवढंच कळतं, की बाहेरून भरपूर येतंय.

आता ते किती येतं याचा हिशेब करू. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला पाच ते सात मिलिग्रॅमच्या घरात टेस्टोस्टेरॉन बनवतं. 100 मिलिग्रॅम प्रोपिओनेटमधून शेपटीचं वजन वजा केलं की साधारण 84 मिलिग्रॅम उरतं. एक दिवसाआड घेतलं तर रोजचे 42. तुमच्या शरीराला स्वतःहून जेवढं लागतं त्याच्या सहापट किंवा जास्तच. याला उपचार म्हणत नाहीत.

उन्हाळ्यात टँकरने टाकी भरली की नळाचा फ्लोट आपोआप बंद होतो, तसंच इथे घडतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडायची थांबते. वृषणांना कामाला लावणारे हुकूम हेच. ते थांबले की वृषणातलं टेस्टोस्टेरॉन घसरतं, आणि हीच गोष्ट जिममध्ये कोणी सांगत नाही. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत रक्ताच्या कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. इंजेक्शनाने रक्तातलं वाढतं आणि वृषणातलं जवळजवळ कोरडं पडतं. म्हणून दंड फुगलेला, दाढी घनदाट आणि वीर्यात शुक्राणू शून्य, असं एकाच माणसात दिसू शकतं. यात विसंगती काहीच नाही.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी पुरुषांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम एनॅन्थेट देऊन त्याचा गर्भनिरोधक म्हणून अभ्यास केला होता. 1990 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे शुक्राणू काही महिन्यांत शून्यावर आले होते. तुम्हाला सांगितलेला डोस त्याच्याहून मोठा आहे, आणि तुमच्या लग्नाला आठ महिने झालेत.

तुमच्यासारखाच एक तरुण दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. म्हापशाकडचा. मूल होत नाही म्हणून आधी बायकोच्याच सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांचा एक्स-रे. त्याची वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी झाली आणि त्यात शुक्राणू सापडलेच नाहीत. मी इंजेक्शनांबद्दल विचारलं तेव्हा तो बायकोकडे न बघता खाली बघत म्हणाला, ‘डॉक्टर, ते तर शॉर्टवालं होतं.’ तीन कोर्स झाले होते. औषध बंद केल्यावर एलएच सावरायला चार महिने गेले, शुक्राणू दिसायला लागायला सात, आणि संख्या ठीक व्हायला वर्षाच्या वर. शुक्राणूची एक खेप तयार व्हायलाच सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे घाई करून काही मिळत नाही. मधल्या काळात त्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन ना बाहेरचं होतं ना स्वतःचं. रात्री झोप नाही, कामावर मन नाही, नवरा-बायकोत बोलणं नाही. पुन्हा इंजेक्शन सुरू करण्याचा सगळ्यात मोठा मोह याच महिन्यांत होतो आणि पुष्कळजण तिथेच फसतात. बहुतेकांचं सावरतं हे खरं. कोणाचं किती लवकर सावरेल हे आधी सांगता येत नाही, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं घेतलं त्यांच्यापैकी काहींचं पूर्ववत होत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, हे औषध कोणासाठी? मला हे आवर्जून लिहायचं आहे, कारण जिममधल्या बदनामीमुळे ज्यांना याची खरी गरज आहे ते घ्यायला लाजतात.

माझ्या टेबलाच्या खणात बारा मण्यांची एक माळ आहे. जपमाळेसारखी दिसते, पण मणी लहानापासून मोठ्यापर्यंत चढत जातात, पहिला 1 मिलिलिटरचा, शेवटचा 25 चा. एका हाताने रुग्णाचं वृषण चाचपायचं आणि दुसऱ्या हाताने माळेवर त्याच्याशी जुळणारा मणी शोधायचा. प्रौढ पुरुषाचं 15 ते 25 च्या दरम्यान बसतं. डिचोलीकडचा एक मुलगा, उंच, हातपाय लांब, बारावीला, छाती किंचित वाढलेली म्हणून शर्ट नेहमी सैल घालणारा. त्याला तपासताना माझा हात 3 च्या मण्यावर येऊन थांबला, आणि स्पर्शाला वृषण टणक. गुणसूत्रांच्या तपासणीत 47, एक्सएक्सवाय आलं, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्तीचं, क्लाइनफेल्टर सिंड्रोम. साधारण साडेसहाशे मुलांमागे एकाला असतो आणि बहुतेकांचं निदान कधी होतच नाही. या मुलाला टेस्टोस्टेरॉन हवंच. त्याने हाडं भक्कम राहतात, स्नायू भरतात, आवाज फुटतो आणि पोराची मान वर होते.

याच रांगेत आणखी काहीजण उभे असतात. वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज आलेले, वृषणाला पीळ पडून ते काढावं लागलेले, केमोथेरपी किंवा किरणोपचार झालेले. दुसरा गट असा, की वृषण धड आहेत पण वरून हुकूमच येत नाही: पिट्युटरीची गाठ, तिच्या ऑपरेशननंतर, थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवून पिट्युटरीत लोह साठणं. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता, सतरा वर्षांचा, आवाज अजून कोवळा. मी वासाबद्दल विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘घरात सुके बांगडे भाजत असले तरी याला पत्ता नसतो, आम्ही त्याची मस्करी करतो.’ वास न येणं आणि वयात न येणं ही जोडी कालमन सिंड्रोमची. याला मूल हवं असेल तेव्हा टेस्टोस्टेरॉन थांबवून एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शनं देता येतात, आणि शुक्राणू तयार होऊ शकतात. मूल हवं असणाऱ्याला टेस्टोस्टेरॉन न देणं हा नियम म्हणूनच आहे.

जन्मतः लिंग फार लहान असलेल्या बाळांना महिन्याला एक अशी थोडी इंजेक्शनं देतात, वयात यायला उशीर झालेल्या मुलांना लहान डोस काही महिने देतात. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तींच्या उपचारातही हे औषध आहे. नुसत्या वयामुळे पातळी थोडी उतरलेल्या पन्नाशीतल्या माणसाला मात्र ते लिहून देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने 2015 मध्येच कंपन्यांना लेबलवर सावधगिरीची सूचना घालायला लावली.

या सगळ्यांत निव्वळ प्रोपिओनेट मी आज जवळजवळ लिहीतच नाही. पुस्तकात त्याचा उपचाराचा डोस 25 ते 50 मिलिग्रॅम, आठवड्यातून दोन-तीनदा असा आहे. त्याचा एक खरा गुण आहे: काही बिनसलं तर थांबवल्यावर पातळी दोन-चार दिवसांत खाली येते, म्हणून पूर्वी वयस्कर किंवा नाजूक रुग्णात अंदाज घ्यायला वापरत. आज ते काम जेलने होतं, सुई न टोचता. शिवाय आठवड्यातून तीनदा सुई कोण घेणार? माझा एक रुग्ण तारवटी आहे, नऊ-नऊ महिने बोटीवर. त्याला मी अनडेकॅनोएट देतो, दहा ते चौदा आठवड्यांनी एकदा. बोट सुटण्याआधी एक, बाकीची तिथल्या डॉक्टरकडून. प्रोपिओनेट आता बहुधा मिश्रणातच भेटतं. सस्टॅनॉन 250 मध्ये चार एस्टर, म्हणजे वेगवेगळ्या शेपट्यांची टेस्टोस्टेरॉनं, असतात, त्यातलं 30 मिलिग्रॅम प्रोपिओनेट. पहिल्या दिवसाची उसळी त्याची, पुढचे आठवडे बाकीच्यांचे. त्यातलं तेल शेंगदाण्याचं असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने हे आधी सांगायलाच हवं, आणि कोणी विचारत नाही.

छोट्या शेपटीचा दुसरा त्रास म्हणजे चढ-उतार. टोचल्यावर दुसऱ्या दिवशी पातळी वर, तिसऱ्या दिवशी तळाला. माणूस त्याबरोबर हेलकावे खातो, आज अंगात वारं शिरल्यासारखं, परवा बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड. घरच्यांना ते आधी दिसतं, त्याला स्वतःला नंतर. टोचलेली जागाही जास्त दुखते. आमच्या सिस्टर अ‍ॅम्प्यूल दोन्ही तळव्यांत घोळवून गरम करतात, कातडी एका बाजूला ओढून धरतात, आणि तेल इतकं सावकाश सोडतात की रुग्ण विचारतो, ‘झालं का?’ जिमच्या चेंजिंग रूममध्ये यातलं काही होत नाही. तिथे एकाच बाटलीत चारजणांच्या सुया जातात. गळू होऊन पू काढावा लागलेले मी पाहिलेत. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही याच वाटेने येतात. बाटलीत लिहिलंय तेच आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध कोणी विकलं असेल तर तिथेच काहीतरी चुकलं आहे.

ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते म्हणजे रक्त घट्ट होणं. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं, आणि इंजेक्शनांनी ते जेलपेक्षा जास्त होतं, कारण उसळ्या मोठ्या असतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, 54 टक्क्यांवर गेलं की आम्ही औषध थांबवतो किंवा डोस उतरवतो. मघाच्या म्हापशाच्या तरुणाचं 57 होतं आणि त्याला फक्त ‘चेहरा लालसर दिसतो, छान तेज आलंय’ असं वाटत होतं. पायाच्या शिरेत गुठळी, तिथून फुप्फुसात, हा रस्ता लांबचा नाही. रक्तदाबही वाढतो. 2025 मध्ये अमेरिकी नियामकाने सगळ्याच टेस्टोस्टेरॉन औषधांवर रक्तदाबाची सूचना बंधनकारक केली. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वाढू शकतं, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. यातलं थोडं टेस्टोस्टेरॉन शरीरात इस्ट्रोजनमध्ये बदलतं, त्याने स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते. ती एकदा पक्की झाली की कित्येकदा ऑपरेशनच करावं लागतं. पाठीवर पुरळ, टक्कल हे किरकोळ.

हृदयाबद्दल लोक एकदम दोन टोकं सांगतात. 2023 मध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात पाच हजारांहून जास्त पुरुष होते, वय 45 ते 80, टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून औषधाच्या गटात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) वाढलं नाही. पण हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसातली गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा ही थोडी जास्त दिसली. ‘बघा, सुरक्षित सिद्ध झालं’ म्हणून ही चाचणी फोनवर दाखवणारे माझ्याकडे येतात. ती जेलवर होती, नियंत्रित डोसवर होती, नियमित रक्त तपासून होती. सहापट डोसच्या प्रोपिओनेटबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्याला, हिमॅटोक्रिट आधीच जास्त असलेल्याला, गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेल्याला, हृदय निकामी होत चाललेल्याला, रक्त गोठण्याचा आजार असलेल्याला आणि नजीकच्या काळात मूल हवं असलेल्याला आम्ही हे सुरूच करत नाही. ज्यांना देतो त्यांचं तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे वर्षाला एकदा हिमॅटोक्रिट आणि टेस्टोस्टेरॉन तपासतो, चाळिशी उलटलेल्यांत पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणीही.

तुम्ही स्पर्धेत उतरत असाल तर आणखी एक. टेस्टोस्टेरॉन जागतिक उत्तेजकविरोधी यादीत कायम बंदी असलेलं आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. दोन दिवसांत निघून जातं म्हणून सापडत नाही, हा समज चुकीचा. लघवीतल्या स्टिरॉइडांचं प्रमाण आणि कार्बनची तपासणी करून बाहेरचं टेस्टोस्टेरॉन ओळखता येतं.

आता तुमच्या 284 या आकड्याकडे वळतो. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. जेवल्यावर आणखी खाली जातं. तुम्ही संध्याकाळी पाचला, दुपारी जेवून, आणि बहुधा रात्रपाळीच्या आठवड्यात रक्त दिलंत. त्या आकड्याला मी निदान म्हणणार नाही. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी कमी आलं, आणि सोबत लक्षणं असली, तरच पुढे जायचं. झोपेचा वाटा किती असतो बघा: शिकागोत निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. हा अभ्यास 2011 चा. आठवड्याआड रात्रपाळी करणाऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको.

आणि साखर. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. पोट सुटलं, साखर वाढली की टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी होतं आणि एकूण आकडा कमी दिसतो. वजन उतरवलं की तोच आकडा औषधाशिवाय चढताना मी इतक्यांदा पाहिलाय, की थकवा आणि कमी टेस्टोस्टेरॉन घेऊन आलेल्या माणसाची मी आधी कंबर मोजतो.

तुम्ही आत्ता काय करायचं? इंजेक्शन आजपासून बंद. चारच झाली आहेत, त्यामुळे हळूहळू कमी करायची गरज नाही, आणि ‘पोस्ट सायकल’ म्हणून, म्हणजे कोर्सनंतर घ्यायच्या, गोळ्या कोणी देऊ केल्या तर त्याही नकोत. हिमॅटोक्रिट आणि रक्तदाब या आठवड्यातच तपासा. पायाच्या पोटरीत सूज-दुखणं, धाप, छातीत दुखणं, टोचलेल्या जागी लाली आणि ताप, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. टेस्टोस्टेरॉन लगेच तपासू नका, तो आकडा इंजेक्शनांचा असेल. सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. दिवसपाळीच्या आठवड्यात, दोन रात्री नीट झोपून, सकाळी साडेसातला उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर असं एकदम द्या. तीन महिन्यांनी एक वीर्यतपासणी करा. बाटलीचं लेबल, डोस आणि तारखा कागदावर लिहून ठेवा आणि कागद घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाकडे जा. डॉक्टरने ओरडावं म्हणून नाही, तर त्यांना एलएचचा आकडा वाचायला तो कागद लागतो. आणि बायकोला सोबत न्या. मूल कधी हवं हे तिला विचारल्याशिवाय पुढचं कुठलंच औषध ठरवता येत नाही.